यू-बूट आणि लिबएफडीटी: उसन्या कोडची मालकी कुणाकडे?

२००७ च्या पूर्वार्धात यू-बूट या बूटलोडरमध्ये, म्हणजे यंत्र चालू होताच ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत आणून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लिबएफडीटी नावाची एक छोटीशी लायब्ररी आली. हार्डवेअरचं वर्णन करणारा सपाट डिव्हाइस ट्री (इंग्रजीत फ्लॅटन्ड डिव्हाइस ट्री, थोडक्यात एफडीटी) वाचणं आणि त्यात फेरफार करणं, एवढंच तिचं काम. यू-बूटमध्ये या कामासाठी स्वतःचा कोड आधीपासून होता आणि तो चालतही होता. तरीही प्रकल्पाने तो बाजूला ठेवून बाहेरची लायब्ररी घेतली, बोर्ड एकेक करून तिच्यावर आणले आणि शेवटी जुना कोड काढून टाकला.

हे प्रकरण मी निवडलं, कारण बोर्ड सुरू करण्याचं काम करणाऱ्या आपल्या बऱ्याच टीम आजही याच वळणावर उभ्या असतात. चालणारा घरचा कोड ठेवायचा, की सगळे वापरतात तो घ्यायचा? वाद बहुतेक वेळा कोडचा आकार, वेग आणि गुणवत्ता यांवर होतो. या प्रकरणात निर्णायक ठरलं ते वेगळंच. कोडची प्रत यू-बूटने आपल्या झाडात, म्हणजे स्वतःच्या सोर्स कोडच्या साठ्यात, ठेवली, पण त्या कोडने कसं वागायचं हे ठरवण्याचा अधिकार मूळ प्रकल्पाकडेच राहू दिला. जिथे हे पाळलं गेलं तिथे लायब्ररी वर्षानुवर्षं विनासायास चालली. जिथे अधिकार कुणाचा हे धूसर राहिलं, तिथे त्रास झाला.

आधीची स्थिती

पॉवरपीसी प्रोसेसरच्या बोर्डांवर तेव्हाची रीत अशी होती. यू-बूट बोर्डाची माहिती सीमधल्या एका स्ट्रक्चरमध्ये भरायचा आणि त्याचा पत्ता आर३ या प्रोसेसरच्या रजिस्टरमधून लिनक्स कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) द्यायचा. या स्ट्रक्चरचं नाव बीडी-टी. रॅम कुठून सुरू होते, किती आहे, फ्लॅश कुठे आहे, इथरनेटचा मॅक पत्ता, प्रोसेसरचं आणि बसचं घड्याळ, सीरियलचा बॉड रेट अशी खाती त्यात होती. कर्नलमध्ये याच स्ट्रक्चरची दुसरी व्याख्या होती आणि दोन्ही व्याख्या बाइटसाठी बाइट जुळणं आवश्यक होतं.

अडचण होती ती या व्याख्येत ठिकठिकाणी पेरलेल्या कंडिशनल कंपायलेशनची, म्हणजे बांधतानाच्या पर्यायानुसार कोडचा एखादा भाग घेण्या-गाळण्याची. सीपीएम२ हा संप्रेषणाचा घटक असलेल्या चिपवर बसच्या घड्याळानंतर आणखी चार घड्याळांची खाती यायची, इतर चिपवर ती नसायची. बॉड रेटचं खातं त्यांच्या पुढे, म्हणून ते सोळा बाइट्स मागे-पुढे सरकायचं. यू-बूट एका पर्यायासह आणि कर्नल दुसऱ्या पर्यायासह बांधला गेला, तर कंपायलर गप्प राहायचा, लिंकर गप्प राहायचा, आणि बोर्ड चालू केल्यावर सीरियल कन्सोलही गप्प राहायचा. चूक सांगण्याची सोयच त्या रचनेत नव्हती. स्ट्रक्चरला आवृत्ती क्रमांक नव्हता, लांबी नव्हती, खात्यांना नावं नव्हती. नवं खातं घालायचं तर दोन स्वतंत्र प्रकल्पांत एकाच वेळी बदल करावा लागे, आणि फ्लॅशमध्ये जुना यू-बूट असलेले हजारो बोर्ड बाहेर चालू असायचे ते वेगळेच.

२००५ मध्ये बेंजामिन हेरेनश्मिट यांनी लिनक्सच्या पॉवरपीसी शाखेसाठी दुसरा मार्ग लिहून काढला. सन आणि ॲपलच्या यंत्रांवर ओपन फर्मवेअर होतं. १९९४ च्या आयईईई १२७५ या मानकात त्याचं वर्णन आहे. ओपन फर्मवेअर हार्डवेअरची माहिती नोड आणि प्रॉपर्टी अशा वृक्षरूपात कर्नलला देतं. छोट्या एम्बेडेड बोर्डांवर संपूर्ण ओपन फर्मवेअर चालवणं परवडणारं नव्हतं. म्हणून तोच वृक्ष सपाट करून, एका सलग बाइट-ब्लॉकमध्ये गुंडाळून, मेमरीत ठेवायचा आणि त्याचा पत्ता आर३ मधून द्यायचा. आर५ मध्ये शून्य असलं की कर्नलने समजायचं, की समोर खरं ओपन फर्मवेअर नसून सपाट ट्री आहे.

जमिनीला जसा सातबारा, तसा बोर्डाला हा ट्री. तो वाचणारा तलाठी बदलला तरी उताऱ्यावरची नोंद तीच राहते. प्रत्येक प्रॉपर्टीला नाव आहे आणि लांबी आहे. न ओळखलेली प्रॉपर्टी कर्नल सोडून देऊ शकतो. नवी प्रॉपर्टी आली म्हणून जुनी सरकत नाही. बीडी-टीचं मुख्य दुखणं इथे संपत होतं.

चार घरी चार चुली

फॉरमॅट एक झाला, पण तो हाताळणारा कोड एक झाला नाही. कर्नलमध्ये सुरुवातीच्या टप्प्यात ट्री चाळणारा स्वतंत्र कोड होता. कर्नलच्या पॉवरपीसी बूट-रॅपरमध्ये, म्हणजे कर्नलभोवती गुंडाळलेल्या, त्याला सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, दुसरा होता. मजकुरातून बायनरी बनवणाऱ्या डीटीसी या कंपायलरमध्ये तिसरा. आणि यू-बूटमध्ये पँटेलिस अँटोनिऊ यांनी लिहिलेला चौथा.

यू-बूटचा हा कोड वाईट नव्हता, पण त्याची झेप मर्यादित होती. नोड सुरू करा, प्रॉपर्टी लिहा, नोड बंद करा, अशा क्रमाने तो नवा ट्री बांधू शकत असे. आधीच असलेल्या ट्रीमधली एखादी प्रॉपर्टी शोधून तिचा पॉइंटरही देऊ शकत असे. बोर्डाचा कोड मग त्या पॉइंटरवर थेट नवी किंमत उतरवायचा. मॅक पत्ता भरायचा असेल तर पूर्ण पाथ लिहून प्रॉपर्टी मिळवायची आणि सहा बाइट्स तिथे कॉपी करायचे.

याचा अर्थ ती प्रॉपर्टी आधीपासून, अचूक त्याच लांबीची, ट्रीमध्ये असायलाच हवी. त्या काळच्या बोर्डांच्या डीटीएस फाइली, म्हणजे ट्रीची मजकुरातली वर्णनं, पाहा. मॅक पत्त्याच्या जागी सहा शून्यं, टाइमबेसच्या वारंवारितेच्या जागी शून्य, बाजूला टीप की ही किंमत बूटलोडर भरेल. ही रिकामी घरं म्हणजे दोन प्रकल्पांमधला अलिखित करारच होता. कुणी डीटीएसमधून ते घर काढलं, तर बूटलोडरला प्रॉपर्टी सापडायची नाही, तो तक्रार न करता पुढे जायचा, आणि नेटवर्क चालायचं नाही. बीडी-टीचा गप्प राहण्याचा दोष नव्या वेषात परत आला होता.

लायब्ररी आणि तिची रचना

कॅनबेराच्या ऑझलॅब्स या आयबीएमच्या गटातले डेव्हिड गिब्सन डीटीसी कंपायलर सांभाळत होते. सपाट ट्री हाताळण्यासाठी त्यांनीच लिबएफडीटी लिहिली आणि पुढे ती डीटीसीच्याच रिपॉझिटरीत नेली. तिची रचना थोडी सविस्तर सांगतो, कारण यू-बूटला ती घेता आली याचं बरंचसं कारण या रचनेतच आहे.

पहिली गोष्ट, ती मेमरी मागत नाही. तिच्यात मॅलॉक, म्हणजे चालू असताना मेमरी मागणारं सीचं फंक्शन, नाही. बूटलोडरच्या सुरुवातीच्या टप्प्यात रॅम कंट्रोलरसुद्धा सुरू झालेला नसतो, स्टॅक चिपमधल्या एखाद्या छोट्या एसरॅम मेमरीत किंवा कॅशमध्ये असतो, हीप (मागितलेली मेमरी जिथून मिळते तो साठा) नसतोच. अशा ठिकाणी मेमरी मागणारी लायब्ररी कितीही सुबक असली तरी निरुपयोगी. लिबएफडीटीला तुम्ही एक बफर देता आणि ती त्या बफरच्या आतच काम करते. प्रॉपर्टी वाढवायची तर पुढचे बाइट्स आणखी पुढे सरकवते. जागा संपली तर ‘जागा नाही’ अशी त्रुटी परत देते. ती स्वतःहून काही छापत नाही, कुठे उडी मारत नाही आणि आपली अशी कुठलीही स्थिती लक्षात ठेवत नाही. सगळी स्थिती त्या बफरमध्येच असते.

दुसरी गोष्ट, वाचणं, आहे त्या जागी बदलणं, क्रमाने नवा ट्री लिहिणं आणि मोकळेपणाने घालणं-काढणं, अशी चार कामं वेगवेगळ्या फाइलींत ठेवली आहेत. ज्या टप्प्यावर फक्त वाचायचं आहे तिथे फक्त वाचण्याचा कोड लिंक होतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. भोवतालच्या जगाशी असलेला सगळा संबंध एका हेडर फाइलीत आणून ठेवला आहे. सपाट ट्री नेहमी बिग-एंडियन असतो, म्हणजे संख्येचा सर्वांत मोठा बाइट आधी येतो. त्यातली संख्या प्रोसेसरच्या क्रमात कशी आणायची, मेमरी हलवायचं आणि स्ट्रिंग तुलनेचं फंक्शन कुठून घ्यायचं, एवढंच त्या हेडरमध्ये ठरतं. यू-बूट आपलं हेडर देतो, कर्नल आपलं देतो, लिनक्सवरचा साधा प्रोग्रॅम प्रमाण सी लायब्ररीचं वापरतो. बाकी एकाही फाइलीला हात लावावा लागत नाही. बाहेरचा कोड आपल्या झाडात आणताना माणसं तो दहा ठिकाणी खरवडतात आणि मग मूळ आवृत्तीशी पुन्हा जुळवणं अशक्य होतं. ती गरजच या एका फाइलीने टाळली.

चौथी गोष्ट परवान्याची. लिबएफडीटी जीपीएल आणि दोन कलमी बीएसडी अशा दोन्ही परवान्यांखाली दिली गेली. यू-बूट स्वतः जीपीएलचा, त्याला दोन्ही चाललं असतं. पण यामुळे फ्रीबीएसडीचा लोडर, आर्मचं ट्रस्टेड फर्मवेअर, रिस्क-फाइव्हसाठीचं ओपनएसबीआय अशा बीएसडी परवान्याच्या प्रकल्पांनाही दार उघडं राहिलं. एका बोर्डावर बूट होताना तीन-चार वेगळे प्रोग्रॅम एकाच ट्रीला हात लावतात. त्या सगळ्यांनी एकच कोड वापरला, तर एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येईल याची खात्री कितीतरी वाढते.

बदल कसा झाला

यू-बूटमध्ये हे काम जेराल्ड व्हॅन बॅरन यांनी केलं. पुढे एफडीटी विभागाचे कस्टोडियनही (सांभाळणारेही) तेच झाले. त्यांनी जुना कोड लगेच उखडला नाही. जुन्यासाठी एक कॉन्फिगरेशन पर्याय होता, लिबएफडीटीसाठी त्यांनी दुसरा आणला. काही काळ दोन्ही शेजारी नांदले. फ्रीस्केलच्या एमपीसी८३एक्सएक्स घराण्यातले बोर्ड सुरुवातीला नव्यावर आले, मग इतर घराणी.

सोबत आली ती यू-बूटच्या प्रॉम्प्टवरची एफडीटी कमांड. तिने ट्री छापता येतो, प्रॉपर्टी बदलता येते, नोड घालता आणि काढता येतो. माझ्या मते लायब्ररी रुजण्यात या कमांडचा वाटा मोठा आहे. कर्नल उठत नाही, कन्सोल कोरा आहे, अशा वेळी कर्नलला नेमका कोणता ट्री दिला जाणार आहे हे सीरियल केबलवर बसून पाहता येणं, मॅक पत्ता भरला गेला की नाही हे डोळ्यांनी दिसणं, ही पूर्वी नसलेली सोय होती. बदल करणाऱ्याला देखभालीत फायदा दिसतो. बोर्डावर बसलेल्या माणसाला त्याचा हिशेब ठेवायचा नसतो, त्याला हातात काहीतरी मिळावं लागतं.

जुने बोर्ड वाऱ्यावर सोडले गेले नाहीत, हेही नोंदवलं पाहिजे. ज्या बोर्डाच्या फ्लॅशमध्ये जुना यू-बूट आहे आणि तो बदलणं धोक्याचं आहे, त्यांच्यासाठी कर्नलच्या बाजूने पूल बांधला गेला. क्यूइमेज नावाच्या इमेजमध्ये कर्नलसोबत ट्रीही बांधलेला असे. रॅपर जुन्या बीडी-टीमधली खाती वाचून ती ट्रीमध्ये भरायचा आणि मग कर्नलला उठवायचा. या रॅपरमधला सपाट ट्री हाताळणारा स्वतंत्र कोड काढून पुढे तिथेही लिबएफडीटीच बसवली गेली. लिनक्सची जुनी पॉवरपीसी शाखा २००८ मध्ये २.६.२७ या आवृत्तीत काढून टाकली गेली, तेव्हा हा पूल उभा होता आणि पुढेही राहिला.

यू-बूटमधला जुना एफडीटी कोडही शेवटी हटवला गेला. दोन मार्ग कायम चालू ठेवले असते तर प्रत्येक नव्या बोर्डाने कुठला घ्यायचा हा प्रश्न उरला असता, आणि दोन्हीकडच्या चुका वेगवेगळ्या दुरुस्त कराव्या लागल्या असत्या. स्वीकार पूर्ण झाला तो जुनं काढलं त्या दिवशी.

प्रत आपल्याकडे, अधिकार तिकडे

सुरुवातीला सगळं सुरळीत नव्हतं. ट्री छापण्यासाठी यू-बूटला लायब्ररीचं एक अंतर्गत फंक्शन हवं होतं, एकेक टॅग ओलांडत पुढे जाणारं. यू-बूटमध्ये ते वाढवून बाहेर खुलं केलं गेलं. नोड शोधण्याचीही काही स्थानिक फंक्शनं आली. काही महिन्यांतच यू-बूटची प्रत आणि मूळ लायब्ररी यांच्यात अंतर पडू लागलं. इथेच प्रकल्प घसरू शकला असता. पण स्थानिक फंक्शनं सोडून मूळ लायब्ररीतली वापरायला घेतली गेली आणि प्रत पुन्हा मूळ आवृत्तीवर आणली गेली. पुढे कर्नलने आणि यू-बूटने दोघांनीही हीच शिस्त धरली: बदल आधी डीटीसीच्या रिपॉझिटरीत पाठवायचा, मग तिथून ठरावीक काळाने पूर्ण प्रत आणायची. कर्नलमध्ये तर त्यासाठी एक स्क्रिप्टच ठेवलेली आहे.

ही वाट उलट दिशेनेही चालली. २०१६ मध्ये मॅक्सिम रिपार्ड यांनी ओव्हरले लावण्याचा कोड लिहिला. मूळ ट्रीवर जोडबोर्डाचा छोटा ट्री चढवायचा, असं त्याचं काम. पहिला उपयोग यू-बूटमध्ये झाला, आणि मग तोच कोड मूळ लिबएफडीटीत गेला. आज ओव्हरलेसाठी तो अनेक प्रकल्पांत चालतो.

उलट उदाहरणही आहे. सही केलेल्या इमेजमध्ये ट्रीच्या नेमक्या कोणत्या भागाचा हॅश (मजकुराचा आकडी ठसा) घ्यायचा हे ठरवणारा कोड सायमन ग्लास यांनी यू-बूटसाठी लिहिला. तो यू-बूटच्याच झाडात राहिला, आणि त्याचा भार आजही यू-बूटलाच वाहावा लागतो. प्रत्येक गोष्ट मूळ प्रकल्पाला हवी असेलच असं नाही. अशा वेळी तो कोड लायब्ररीच्या फाइलींत न मिसळता वेगळ्या फाइलीत ठेवणं हाच शहाणपणा, आणि यू-बूटने तेच केलं.

लायब्ररीने जे सोडवलं नाही

पाथचा प्रश्न लायब्ररीच्या आवाक्यातला नव्हता. बोर्डाच्या कोडमध्ये ‘अमुक एसओसीच्या (मुख्य चिपच्या) नोडखालचा, अमुक पत्त्यावरचा इथरनेट’ असा पूर्ण पाथ लिहिलेला असे. कर्नलच्या डीटीएसमध्ये नोडचं नाव बदललं की यू-बूटचा शोध फसायचा. लिबएफडीटीने शोधणं सोपं केलं, पण काय शोधायचं हे सांगणं तिचं काम नव्हतं. उत्तर आलं ते संकेतातून: ट्रीमध्ये एलियसचा (टोपणनावांचा) नोड ठेवायचा, ‘इथरनेट०’ म्हणजे कोणता नोड हे त्यात लिहायचं, आणि बूटलोडरने एलियसवरून जायचं. मग नोड कुठेही हलवा, नाव काहीही द्या. असे करार पुढे कागदावर आले. २००८ मध्ये पॉवर.ऑर्ग या संस्थेचं ईपीएपीआर आणि २०१६ मध्ये डिव्हाइस ट्री स्पेसिफिकेशन प्रसिद्ध झालं.

काही अडचणी लायब्ररीच्या रचनेतूनच आल्या. नोडची ओळख म्हणून लिबएफडीटी ब्लॉकमधला ऑफसेट देते. मॅलॉक नसल्याची ती किंमत आहे. तुम्ही एका नोडचा ऑफसेट घेतला, मग त्याच्या आधी येणाऱ्या नोडमध्ये प्रॉपर्टी घातली, तर त्यापुढचं सगळं आणखी पुढे सरकतं आणि हातातला ऑफसेट भलत्याच जागी बोट दाखवतो. नवशिक्यांच्या कोडमध्ये मी ही चूक इतक्या वेळा पाहिली आहे, की पॅच तपासताना लिहिण्याच्या प्रत्येक कॉलनंतर जुना ऑफसेट वापरलाय का, एवढंच आधी बघतो. उपाय साधा आहे: लिहून झालं की पुन्हा शोधा.

जागेचाही प्रश्न आहे. डीटीसीने बनवलेल्या ब्लॉकमध्ये शेवटी मोकळी जागा नसते. बूटलोडरला कमांड लाइन, इनिटआरडीचे (सुरुवातीच्या रॅमडिस्कचे) पत्ते, मॅक पत्ते भरायचे असतात. जागा कमी पडली की ‘चोझन’ नोड बनवता आला नाही असा संदेश येतो आणि बूट थांबतो. म्हणून यू-बूट कर्नलकडे ट्री देण्यापूर्वी तो मोठ्या जागेत उघडून घेतो. बांधतानाच डीटीसीला जास्तीची जागा सोडायला सांगणं हाही एक मार्ग. त्रुटी कटकटीची आहे, पण ती बोलते. बीडी-टीपासून इथवर येण्यातला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

वेगाचा मुद्दा बराच नंतर आला. सुरुवातीला यू-बूट ट्री फक्त कर्नलसाठी हाताळत होता. २०११ नंतर यू-बूट स्वतःचे ड्रायव्हर ट्रीवरून ठरवू लागला, आणि २०१४ पासून ड्रायव्हर मॉडेल आलं. आता एकाच बूटमध्ये ट्री शेकडो वेळा चाळला जाऊ लागला, आणि सपाट ट्रीमध्ये शोध म्हणजे सुरुवातीपासून चालत जाणं. २०१७ मध्ये यू-बूटने रीलोकेशननंतर, म्हणजे रॅम आणि हीप मिळाल्यावर, ट्री उलगडून पॉइंटरच्या रूपात ठेवण्याची सोय केली. त्याआधीच्या टप्प्यात लिबएफडीटीच राहिली. बेअरबॉक्स या दुसऱ्या बूटलोडरने याआधीच उलगडलेला ट्री मुख्य मानला होता.

आकाराची ओढाताण मात्र मालकीच्या प्रश्नाला थेट भिडली. बिघडलेला किंवा मुद्दाम बिघडवलेला ट्री आला तरी बफरबाहेर वाचलं जाऊ नये म्हणून मूळ लायब्ररीत तपासण्या वाढत गेल्या. योग्यच होतं ते. पण यू-बूटचा एसपीएल, म्हणजे पहिला छोटा टप्पा, काही चिपवर थोड्याशा किलोबाइट्सच्या एसरॅममध्ये बसवावा लागतो. तिथे एवढ्या तपासण्या परवडत नव्हत्या. यू-बूटने स्वतःच्या प्रतीतून तपासण्या खरवडल्या असत्या तर प्रत कायमची फुटली असती. त्याऐवजी सायमन ग्लास यांनी मूळ लायब्ररीतच एक मास्क आणला: ट्री वैध आहे असं गृहीत धरायचं का, कॉल करणारा बरोबर वागतो असं मानायचं का, हे बांधताना सांगता येतं आणि त्यानुसार तपासण्यांचा कोड गळतो. डिफॉल्ट मात्र सगळ्या तपासण्या चालू. २०२० मध्ये हे मूळ लायब्ररीत आलं. सामायिक लायब्ररीत एका वापरकर्त्याची निकड कशी बसवावी, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सुरक्षेचा धडा

२००८ मध्ये यू-बूटने फिट नावाचा इमेज फॉरमॅट आणला. कर्नल, ट्री, रॅमडिस्क हे सगळं एका फाइलीत, आणि ती फाइल म्हणजे स्वतःच एक सपाट डिव्हाइस ट्री. लिबएफडीटी हाताशी होती म्हणून नवा पार्सर लिहावा लागला नाही. पुढे याच फिटवर सही तपासण्याची सोय उभी राहिली.

ओपन फर्मवेअरच्या रिवाजानुसार नोडच्या नावात @ नंतर युनिट पत्ता असतो, आणि संदिग्धता नसेल तर शोधताना तो गाळता येतो. लिबएफडीटी हा रिवाज पाळते. ‘इथरनेट’ शोधलं तर ‘इथरनेट@२४०००’ सापडतं. हार्डवेअरच्या वर्णनासाठी हे सोयीचं आहे. पण सही तपासण्याच्या कामात हीच सोय भेग ठरली. ‘कर्नल’ नावाच्या सही केलेल्या नोडजवळ हल्लेखोराने ‘कर्नल@१’ असा नोड घुसवला, तर सही एकाची तपासली जाते आणि चालवला जातो दुसराच, असं घडवता येत होतं. सीव्हीई या सुरक्षा-दोषांच्या यादीत सीव्हीई-२०२१-२७१३८ म्हणून हा दोष नोंदला गेला. दुरुस्ती यू-बूटच्या बाजूने झाली: फिटमध्ये युनिट पत्ता असलेलं नावच नाकारायचं.

लायब्ररी इथे चुकली नव्हती. ती आपल्या कराराप्रमाणे वागत होती. यू-बूटने मात्र ती अशा कामाला जुंपली, जिथे तो करार पुरेसा नव्हता, आणि ते लक्षात यायला बरीच वर्षं गेली. बाहेरची लायब्ररी नव्या कामाला घेताना तिची फंक्शनं काय परत देतात एवढं वाचून भागत नाही. ती काय सैल सोडतात, हेही त्या नव्या कामाच्या नजरेने पुन्हा वाचावं लागतं. सुरक्षेच्या वाटेवर तर हे वाचन अनिवार्य आहे.

इतरांचं काय

ग्रब या बूटलोडरने स्वतःचा छोटा एफडीटी कोड लिहिला आणि तो तसाच ठेवला. ग्रबला ट्रीमध्ये मोजकेच फेरफार करायचे असतात, त्यामुळे तो निर्णय त्यांच्यापुरता समजण्यासारखा आहे. पण त्या वाटेने गेल्यावर ओव्हरले, नव्या तपासण्या, सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येत नाहीत.

लिनक्स कर्नलने मात्र सुरुवातीचा ट्री चाळणारा स्वतःचा कोड २०१४ मध्ये, ३.१६ च्या वेळी, लिबएफडीटीवर आणला. म्हणजे फॉरमॅट जिथे जन्मला त्या प्रकल्पाच्या गाभ्यात ही लायब्ररी बूटलोडरनंतर सात वर्षांनी पोचली. चालणारा कोड बदलायला एवढा काळ लागू शकतो, आणि त्यात गैर काही नाही.

वर्णनांची पाळी

यू-बूटने ट्री हाताळण्याचा कोड सामायिक केला, पण ट्रीची मजकुरातली वर्णनं, म्हणजे डीटीएस फाइली, कितीतरी वर्षं आपल्या झाडात हाताने आणून ठेवल्या. कर्नलमधून कुणी तरी कधी तरी प्रत आणायची, तिच्यात यू-बूटपुरते बदल करायचे, आणि पुढचं जुळवणं त्या बोर्डाच्या मेंटेनरवर सोडायचं. काही बोर्ड ताजे, काही वर्षानुवर्षं शिळे. कोडच्या बाबतीत २००७ मध्येच जी शिस्त लागली, ती वर्णनांना लागली नव्हती. त्याचे परिणाम रोजच्या कामात दिसायचे: कर्नलमध्ये दुरुस्त झालेला पिन-नियंत्रणाचा नोड यू-बूटमध्ये जुनाच, आणि त्याच बोर्डावर तोच ड्रायव्हर दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वागायचा.

२०२४ मध्ये यू-बूटने कर्नलमधून वेगळ्या काढलेल्या डीटीएसची रिपॉझिटरी गिट सबट्रीच्या (आपल्या रिपॉझिटरीत सामावलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरीच्या) रूपात आत घेतली आणि बोर्डांना त्यावर जाण्यासाठी पर्याय दिला. यू-बूटपुरत्या गोष्टी वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवायच्या, त्या बांधताना मुख्य फाइलीला जोडल्या जातात. सबट्रीतल्या फाइली यू-बूटमध्ये बदलायच्या नाहीत. बदल हवा तर तो कर्नलकडे पाठवायचा आणि तो परत येईपर्यंत थांबायचं. बोर्ड एकेक करून या वाटेवर येत आहेत. तुमच्या हाताखाली यू-बूटमधला एखादा बोर्ड असेल, तर त्याची डीटीएस आणि कर्नलमधली डीटीएस आज शेजारी ठेवून तुलना करा. जो फरक दिसेल त्यातला किती यू-बूटचा स्वतःचा आहे आणि किती नुसताच मागे राहिलेला आहे, हे ठरवण्यापासून कामाला सुरुवात होते.